पाचव्या खोलीतली टाकी

तीन दिवस? तीन दिवस लाईट यायची वाट बघितली तुम्ही — गेममधी? थांबा, थांबा, मी हसत नाय, चहा नाकात गेला — या, इथं पंख्याखाली सरका आणि परत एकदा सांगा. म्हंजे खोलीत अंधार, तुमचा तो गेममधला माणूस भिंतीला पाठ लावून उभा, आणि तुम्ही मोबाइल हातात धरून गप बसलेले — का, तर लाईट गेलीय, येईल. सोमवारी नाय आली. मंगळवारी नाय आली. काल तुम्हाला वाटलं, फेज उडाला असंल. अहो काका, हे बघा, दाराच्या उजव्या अंगाला हे बारीक चौकोनी काय दिसतंय? बटन हाय. हे दाबलं — झाला उजेड! काय म्हणता? मोबाइल नातवाचा हाय? गेम बी नातूच खेळतो? बरं. कितीचा हाय नातू? दीड वर्षाचा — लई हुशार हाय मग, दीड वर्षात लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ झालं त्याला. बसा हो, उठता कुठं. अकरा वाजले नाय तर डांबर पघळायलंय बाहेर, आणि बॅटरी तीन टक्क्यावर हाय तुमची — नातवाची. चार्जिंगला लावतो, वीस टक्के झाली की जा.

लाजू नका. या काउंटरवर किती जण लाजून गेले, सांगतो तुम्हाला. उस्मानपुऱ्यात बारा वर्षं झाली दुकानाला — पाटीवर ‘बिभीषण मोबाइल’ लिहिलंय ना, तो बिभीषण मीच — काच बदलणं, बॅटरी टाकणं, रिचार्ज मारणं, हे समदेच करतात. पण ते नेट फुकटासारखं झालं, तवापासून हे एक नवीनच सुरू झालंय. लोकं गेममधी अडकतात आणि माझ्याकडं येतात. पण एक बी माणूस म्हणणार नाय की मी अडकलो. म्हणणार, मोबाइल हँग झालाय. आमच्या गल्लीतला पुंजाराम — बायपासच्या अंगाला त्या नवीन बिल्डिंगा झाल्यात ना, नळाची लाइन पोचायच्या आधी माणसं राहायला आलेल्या, तिथं वॉचमन हाय — त्यानं आणला, म्हणे माणूस पुढं सरकत नाय. बघतो तर भलं मोठं गेट, आणि गेटासमोर ह्याचा गडी हात बांधून उभा. म्हटलं, पुंजाराम, ढकल की गेट. तर माझ्याकडंच डोळे वटारून बघायला लागला. म्हणे, न विचारता? कुणाचं हाय, कुणाला मालूम! अख्खी ड्युटी तिथं उभा राहिला होता, आतून कुणी तरी येईल, नाव-गाव विचारील आणि मग आत घेईल म्हणून. आता तुम्ही सांगा, ह्यात त्याचं काय चुकलं? — हां, हसा, हसा. दुसऱ्यावर हसायला बरं वाटतं. काय? मी सारखा माझ्या मोबाइलकडं काय बघायलोय? कुणाचा फोन यायचाय का म्हणता? यायचाय ना. वीस दिवस झाले, यायचाय.

ते सोडा. द्वारकाबाईंचं ऐका. मेस चालवतात, इथंच मागच्या बोळात, माझ्या आईच्या वयाच्या — दुपारची भांडी घासून झाली की घंटाभर गेम. त्यांच्या गेममधी मडकीच मडकी, चाळीस-पन्नास मडकी मांडलेली, आणि दार काय उघडंना. आठ दिवस मडक्यांच्या मधून अंग चोरून हिंडायल्या होत्या, धक्का लागू नये म्हणून. म्हटलं, मावशी, फोडायची असतात ती मडकी, एकात चावी हाय. तर त्यांनी मोबाइलच हिसकावून घेतला. म्हणाल्या, मडकं फोडायला घरात कुणी गेलंय का, शहाण्या? म्हटलं, दहीहंडी समजा. म्हणाल्या, ती टांगलेली असती, ही मांडलेली हायेत. ज्यानं गेम बनवला तो कुठं तरी एसीत बसून बनवणार, त्याला काय ठाऊक आपल्याकडं मडकं कवा फोडतात. काढून टाकला त्यांनी तो गेम. मी बी म्हटलं, बरं केलं. तुम्ही काय करत होता, काका, रिटायर व्हायच्या आधी? — मास्तर? हायस्कूलात गणित? आन् बटन सापडलं नाय! नाय नाय, चिडवत नाय, आता नाय चिडवणार, शप्पथ. सत्यशीला बी हेच म्हणती, तुमची जीभ तुमच्या ताब्यात नाय. सत्यशीला म्हंजे माझी बायको.

मी? मी कवा अडकलो का? हा हा — बघा, मास्तर ते मास्तर, बरोबर फळ्यापाशी आणून उभं केलं. अडकलो ना. नऊ दिवस. पण माझं ऐकून तुम्ही बाहेर सांगत बसायचं नाय, इथली लोकं मला मानतात गेमच्या बाबतीत. तर तो बी तुमच्यासारखाच गेम, घरात कोंडलंय आपल्याला, सहा खोल्या, एकेका खोलीत चावी शोधायची आणि पुढच्या खोलीत जायचं. चार खोल्या मी एका बैठकीत साफ केल्या. पाचव्या खोलीत गेलो — मधोमध काचेची टाकी, माणसाच्या उंचीची, पाण्यानं काठोकाठ भरलेली. आणि चावी कुठं? तळाला. दिसायली, चमकायली. हात पोचत नाय. मंग मी काय केलं — आधी दोरी शोधली, दोरीला आकडा बांधला, आकडा काय चावीत अडकंना. मंग लोहचुंबक शोधलं, तर चावी पितळंची. मंग म्हटलं, पाणी उपसू. एक बादली होती, ती भरली. दोन पिंपं होती, ती भरली. टाकी अजून अर्ध्याच्या वर. आता भांडी कुठून आणायची? मागं गेलो. काका, मागच्या चारी खोल्या पालथ्या घातल्या मी भांड्यासाठी. फुलदाणी आणली, फुलं काढून. चहाची किटली आणली. एका खोलीत बूट होते, बूट बी भरले! एवढं करून गुडघाभर पाणी राहिलंच, आणि ठिवायला जागा नाय. तिथं अडकलो, नऊ दिवस.

आता तुम्ही विचाराल — विचारू नका, मीच सांगतो — टाकीच्या बुडाला नळ होता. होता! पहिल्या दिवसापासून दिसत होता, एवढा मोठा. नळ फिरवायचा, पाणी फरशीवरून मोरीत जाणार, टाकी रिकामी, चावी हातात. दहा सेकंदाचं काम. पण मला ते दिसलंच नाय — नाय, दिसलं असंल आणि मीच ते हाकलून दिलं असंल. खाली भांडं न लावता नळ सोडायचा? माणूस असं करतो का? आम्ही मेंढरावाले, काका. बाप अजून मेंढरामागं हिंडतो, यंदा पाण्याच्या मागं मागं पार गोदाकाठाला उतरलाय. लहानपणी आई — मंजुळाबाई नाव तिचं — नदीच्या वाळूत झरा काढून वाटी-वाटीनं घागर भरायची. अर्धा दिवस जायचा एका घागरीला. त्या घागरीतलं पेलाभर पाणी माझ्या हातून सांडलं होतं एकदा, सहा वर्षांचा असंल मी — तिनं मारलं नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती त्या ओल्या मातीकडं बघत बसली. आणि आता राहतो गारखेड्यात, तिथं आठव्या दिवशी नळ, तो बी पाऊण तास. आंघोळ घमेल्यात बसून करायची, आणि घमेल्यातलं संडासात टाकायचं. आता असल्या माणसाच्या पुढ्यात तुम्ही भरलेली टाकी ठिवणार आणि म्हणणार, सोडून दे. सुचंल त्याला?

मंग सुटलं कसं? सुटलं बुवा कसं तरी. बायकोनं सोडवलं. चहा घेता का अर्धा-अर्धा? — नको? बरं. किती टक्के झाले? सात. — असं बघू नका माझ्याकडं. वर्गात कुणी खोटं बोललं की असंच बघत असाल. खोटं नाय बोललो मी. बायकोनंच सोडवलं. मधलं थोडं गाळलं, एवढंच.

मधलं असं, की त्या नऊ दिवसात आमचा नळाचा दिवस येऊन गेला. सत्यशीला एका दवाखान्यात काउंटरला बसती, चिठ्ठ्या फाडती, तिची सकाळची ड्युटी. नळाचा दिवस तीच ध्यानात ठिवायची, मला आजवर कवा कळला नाय. निघताना म्हणाली, आज दुकान उशिरा उघडा, साडेअकराला नळ यील, पाइप ड्रममधी टाकायचा, खाली जायचं, कॉक उघडायचा, मोटारीचं बटन दाबायचं — आधी पिण्याचं भरा, मंग वापरायचं. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, एवढं बी कळत नाय का मला? आणि अकरालाच गेलो की खाली! कॉकच्या शेजारी बादली पालथी घातली, तिच्यावर मी, आणि हातात मोबाइल. म्हटलं, नळ येईपर्यंत एखादं भांडं सापडतंय का बघू. कानात इयरफोन. आता त्या पाचव्या खोलीत सारखा पाण्याचा आवाज हाय — टपटप, झुळझुळ. तर माझ्या पायाशी खरा नळ येऊन सूं सूं करायला लागला, तो मला गेममधलाच वाटला. पाऊण तास, काका. कॉकपासून वीतभर लांब बसून मी बुटात पाणी भरत होतो. मान वर केली तवा समोरची बाई आपले पाइप गुंडाळायली होती. म्हणाली, भाऊजी, तुमचं झालं भरून?

हसा ना, आता का हसत नाय? एवढ्यापर्यंत मी समद्यांना सांगतो, लोकं पोट धरून हसतात. पुंजाराम तर खाली बसला होता हसता हसता. — पुढचं नाय सांगत मी कुणाला. पुढं काय हाय सांगण्यासारखं? ती दुपारी आली. रिकामा ड्रम बघितला, वाजवून बघितला बोटानं. मी म्हटलं, नळच आला नाय. आणि ती हो म्हणाली! तिला खालीच कळलं होतं, त्या समोरच्या बाईनं सांगितलं होतं, हे मला मागनं कळलं. मंग चार दिवस ती दवाखान्यातून येताना वाटेतल्या एका बोरिंगवरून दोन कॅन भरून आणायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी म्हणायचो, ठिव, मी आणतो. ती म्हणायची, असू द्या. आणि मी — मी असू द्यायचो, मास्तर. दुकान, गेम, जेवण, झोप. चौथ्या दिवशी मी पलंगावर बसलेलो, तीच खोली, तीच टाकी. ती कॅन ठिवून माझ्या मागं येऊन उभी राहिली. दम लागला होता तिला. थोडा वेळ बघितलं तिनं. मंग माझ्या खांद्यावरून ओला हात पुढं आला आणि एका बोटानं तिनं तो नळ फिरवला.

धो धो पाणी. फरशीवर, मोरीत, समदं. टाकी रिकामी झाली, चावी तळाला, दार उघडायला मोकळं. ती हसली, म्हणाली, एवढंच तर होतं. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगू का? पाणी वाया घालवलंस, म्हटलं. अक्कल हाय का तुला, म्हटलं. नऊ दिवस जपलं होतं मी ते पाणी, म्हटलं. — कुणाला म्हटलं? तीन मजले कॅन चढवून आलेल्या बाईला. मोबाइलमधल्या पाण्यासाठी. तिला आधी वाटलं मी थट्टा करायलोय, ती हसतच होती. मंग तिनं माझं तोंड नीट बघितलं आणि हसायची थांबली. तेच, काका, तेच माझ्या डोळ्यापुढून जात नाय — ती थांबली ते. भांडली असती तर मी बी भांडलो असतो, आणि रात्री जेवायला एका ताटावर बसलो असतो. ती भांडली नाय. मला म्हणाली, खऱ्या पाण्यासाठी एवढा जीव तुटला असता तर मी काय बी सोसलं असतं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ सर्जेराव फटफटी घेऊन आला, फुलंब्रीहून. मला म्हणतो, दाजी, ताई चार दिवस राहून येती. चार दिवसांचे वीस झाले.

नाय, फोन नाय केला. तिनं बी नाय केला ना! म्हंजे — चूक माझी हाय, मान्य हाय मला, पण गेली कोण? ती गेली. मंग जाणाऱ्यानं पोचल्याचा तरी फोन करायचा का नाय? मला वाटलं, बॅलन्स नसंल. मारलं रिचार्ज इथून. तरी नाय आला. म्हटलं, नेटचा पॅक संपला असंल, तो बी मारला. तिच्या मोबाइलवर आता वर्षभर पुरंल एवढं रिचार्ज हाय, काका, अख्ख्या फुलंब्रीत कुणाच्या मोबाइलवर नसंल. — हसा, आता हसा. गेलो होतो ना, गेल्या रविवारी फुलंब्रीला गेलो होतो. स्टँडसमोर गाडी लावली, चहा घेतला, तिच्या घराकडं जाणारा रस्ता बघितला, परत आलो. ऊन लई होतं. नाय, ऊन काय एवढं नव्हतं. जाऊन म्हणायचं काय, सांगा ना. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. घरात पाण्याचं तर समदं आटोपलंच हाय, नळ कवा येतो कवा जातो पत्ता नाय, जार आणतो प्यायला, आंघोळीला मित्राकडं जातो. हाटेलातलं खातो. करमत नाय मला. रोज सकाळी तिचं नाव काढून ठिवतो स्क्रीनवर — हे बघा, हे असं — आणि बघत बसतो. नंबर समोर हाय, अंगठा हिथं हाय. पण पहिलं वाक्य सुचत नाय मला. नऊ दिवसात भांडी सुचली, फुलदाणी सुचली, बूट सुचले, आणि हे काय ते — काय? काय म्हणालात? अहो, माझा मोबाइल कशाला पाहिजे तुम्हाला? बघा, बघा, फोटो बघा तिचा, मागच्या दिवाळीचा —

अहो काका! हे काय केलं? बोट कशाला लावलं? कुणी सांगितलं होतं — कट करा, कट करा ना — रिंग वाजायली! कसं कट करू आता, तिला मिस कॉल दिसंल, म्हणंल मिस कॉल देतो नवरा — मास्तर, तुम्ही पण ना — वाजायलीच अजून — नाय उचलायची ती, मला ठाऊ — हॅलो.

हॅलो. हां. मीच. — काय नाय, सहज. चुकून लागला. — नाय, चुकून नाय. चुकून नाय लागला, सत्या, ठिवू नको. जेवलीस का? — हां, अजून वेळ हाय जेवायला, व्हय, अकराच तर वाजलेत. ऐक ना, त्या दिवशी मी — काय? आज? आज काय हाय? आज गुरुवार — आज आपला नळ हाय?

तुला कसं माहीत? — नाय, म्हंजे, तू तिथं फुलंब्रीत बसून आपल्या नळाचे दिवस मोजायलीस?

हाय, हाय मी, ऐकायलोय. बोल. — ड्रम? नाय धुतला. दोन वेळा गेला नळ, नाय भरलं. व्हय. व्हय, शेवाळ धरलं असंल. — आधी ड्रम घासू. मंग कॉक. मंग मोटार. आधी पिण्याचं. कळलं. — सत्या, माझं चुकलं. ऐकलंस का? माझं चुकलं म्हणतो मी. — बरं, बरं, नंतर. पाणी भरून झाल्यावर निघू का मी? न्यायला? — आधी भरू? बरं. फोटो पाठवू भरलेल्या ड्रमचा? — मंग बघती म्हणतीस? चालंल. चालंल मला. तू फोन चालू ठिव, मी गाडीवर बी कानाला लावतो —

काका, उठा. तुला नाय, सत्या, इथं एक मास्तर बसलेत — उठा हो, नळ यायलाय, वीस मिनिटं राहिलीत, गारखेड्यापर्यंत जायचंय मला. हा घ्या मोबाइल, चौदा टक्के झालाय, बास झाला नातवाला. चार्जर राहू द्या तो, माझा हाय. शटरखालून सरका पुढं. अहो डोकं — डोकं सांभाळा! झालं? चला, चला, दुकान बंद.